उंदराच्या पाठीपासून माणसाच्या पायापर्यंत

जखम भरून काढणाऱ्या औषधांच्या इतिहासात उंदीर जवळजवळ नेहमीच बरा झाला आहे. भूल देऊन त्याच्या पाठीवर एक गोल जखम करतात, एका गटाला पेप्टाइड देतात, दुसऱ्याला नुसतं द्रावण देतात आणि काही दिवसांनी जखमेचं क्षेत्रफळ मोजतात. पेप्टाइड मिळालेल्या उंदरांची जखम लवकर मिटलेली असते. असे शोधनिबंध गेल्या चाळीस वर्षांत ढिगाने निघाले. त्यांतली जी पेप्टाइडं पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली, ती मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील. मधल्या वाटेवर बाकीच्यांचं काय झालं, हा प्रश्न आता केवळ संशोधकांपुरता राहिलेला नाही. बीपीसी-१५७, टीबी-५०० अशा नावांच्या छोट्या कुप्या जगभर इंटरनेटवरून विकल्या जात आहेत. ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी डकवलेल्या या कुप्या दुखावलेला स्नायुबंध आणि खांदा घेऊन बसलेली माणसं स्वतःच्या हाताने टोचून घेत आहेत. त्यांना जो पुरावा दाखवला जातो, तो बहुतांशी उंदरांचा असतो. या लेखात मांडायचं आहे ते एवढंच: माणसाची न भरणारी जखम सहसा संदेशाच्या अभावी अडलेली नसते, परिस्थितीमुळे अडलेली असते. म्हणून बाहेरून आणखी संदेश पुरवणारं पेप्टाइड तिथे फार तर थोडी मदत करतं, आणि तीही आधीची साधी कामं नीट झालेली असतील तरच. जी जखम आपोआप भरणार असते, तिथे पेप्टाइडाने काही केलं का, हे तुलनेशिवाय कळायला मार्गच नसतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. साखळी लांबली की तिला प्रथिन म्हणतात, आणि दोहोंमधली सीमारेषा तशी सोयीचीच आहे. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, थायमोसिन बीटा-४ मध्ये ४३, बीपीसी-१५७ मध्ये १५, आणि तांब्याला धरून राहणाऱ्या जीएचके या पेप्टाइडात फक्त तीन. या साखळ्या शरीरात निरोप्याचं काम करतात. कातडी फाटली की रक्त गोठतं आणि गोठताना बिंबिका वाढीचे घटक सोडतात. त्या हाकेला ओ देऊन पांढऱ्या पेशी जंतू आणि कचरा साफ करायला येतात. मग तंतुपेशी कोलॅजन विणू लागतात, नव्या केशवाहिन्या फुटतात आणि कडेच्या त्वचापेशी सरकत सरकत उघडा भाग झाकतात. पुढे कित्येक महिने हे नवं कातडं आतून घट्ट होत राहतं, तरी मूळच्या कातडीची पूर्ण ताकद त्याला कधी येत नाही. यातल्या प्रत्येक पायरीवर एका पेशीने दुसरीला दिलेला रासायनिक निरोप असतो, आणि त्यातले बरेच निरोप आज प्रयोगशाळेत बनवता येतात. ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये घन आधारावर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी तयार करण्याची पद्धत मांडली. त्याबद्दल त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. आज हे काम यंत्रं करतात. पेप्टाइड बनवणं इतकं सोपं झालं, ही चांगली गोष्ट झाली. पण ते विकणंही तितकंच सोपं झालं.

बाहेरून निरोप पुरवून जखम भरता येईल, ही कल्पना मुळात वेडगळ नव्हती. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीतला अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कातून १९६२ मध्ये वेगळा केलेला घटक म्हणजे त्वचापेशींची वाढ घडवणारा ईजीएफ. ५३ अमिनो आम्लांचा. या कामासाठी कोहेन यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत १९८६ चं नोबेल मिळालं. जो घटक पिल्लाच्या पापणीची कातडी लवकर वाढवतो तो जखमेवरची कातडीही लवकर आणेल, हा तर्क सरळ होता. शिवाय प्रयोगशाळेतल्या बशीत तो खराही ठरत होता. बशीत पसरलेल्या पेशींच्या थरावर रेघ ओढली आणि वाढीचा घटक घातला, की पेशी ती फट भराभर बुजवतात. अनेक पेप्टाइडांचा प्रवास या रेघेपासून सुरू होतो. पुढची पायरी उंदराची पाठ, त्यापुढची माणसाचा पाय. या तिसऱ्या पायरीवर काय होतं, त्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण बेडकापासून सुरू होतं.

अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅसलॉफ आफ्रिकन नखी बेडकांची अंडी संशोधनासाठी वापरत असत. त्यासाठी बेडकाच्या पोटावर छेद घ्यावा लागे. टाके घालून बेडूक परत टाकीत सोडला जाई, आणि त्या टाकीतलं पाणी जंतूंनी भरलेलं असे. तरीही जखमा चिघळत नव्हत्या. झॅसलॉफ यांनी कातडीत शोध घेतला आणि १९८७ मध्ये मॅगेनिन ही २३ अमिनो आम्लांची जंतुनाशक पेप्टाइडं जगासमोर ठेवली. त्यावरून पेक्सिगॅनन हे औषध तयार झालं. मधुमेही पायाच्या संसर्ग झालेल्या व्रणावर लावायची ती क्रीम होती. ८३५ रुग्णांवरच्या चाचण्यांत तिची तुलना ऑफ्लोक्सासिनच्या गोळ्यांशी केली गेली आणि दोन्ही गटांतले बहुसंख्य रुग्ण सारखेच सुधारले. वरवर पाहता हे यश होतं. तरी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९९ मध्ये मान्यता नाकारली. दोन्ही गटांतल्या जखमा धुतल्या जात होत्या, मृत भाग काढला जात होता, पट्टी बदलली जात होती. मग सुधारणा नेमकी कशाची? उत्तर मिळायला सतरा वर्षं लागली. दुसऱ्या कंपनीने पेक्सिगॅनन पुन्हा हाती घेतलं आणि या वेळी तुलना औषध नसलेल्या नुसत्या क्रीमशी केली. २०१६ मध्ये त्या दोन्ही मोठ्या चाचण्या फसल्या. औषधाची क्रीम आणि नुसती क्रीम यांत ठरवलेल्या निकषावर फरक निघाला नाही. बेडकाचं पेप्टाइड जंतू मारत होतं, यात आजही शंका नाही. पण जखमेची नीट निगा राखल्यावर त्याच्यासाठी करण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं.

हीच कथा माणसाच्या स्वतःच्या पेप्टाइडाबाबतही घडली. एलएल-३७ हे ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आपल्या त्वचेत आणि पांढऱ्या पेशींत असतं. ते जंतूंशी लढतं, केशवाहिन्या फुटायला मदत करतं, त्वचापेशींना हलवतं. पायाच्या शिरांमधलं रक्त वर चढत नसल्यामुळे घोट्याजवळ होणाऱ्या व्रणांवर ते वापरून पाहिलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४ रुग्णांवरच्या चाचणीत कमी आणि मध्यम मात्रेला चांगला गुण आला. सर्वांत मोठ्या मात्रेला आला नाही. आशा वाढली. मग १४८ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिथे सर्वांच्या पायाला दाबपट्टी नीट बांधलेली होती, कारण या आजारातला खरा उपचार तोच आहे. २०२१ च्या निकालात सगळे रुग्ण मिळून पाहिलं तर एलएल-३७ आणि नुसतं द्रावण यांत ठोस फरक नव्हता. मोठ्या आकाराच्या व्रणांत फायद्याची खूण दिसली. पण ती चाचणी संपल्यावर आकडे वेगळे करून पाहताना दिसलेली खूण होती. अशी खूण पुढच्या चाचणीला कारण पुरवते, तिची जागा घेत नाही. ३४ रुग्णांतलं यश १४८ रुग्णांत विरून जाणं हा योगायोग मानता येणार नाही. औषधांच्या जगात ते इतक्या वेळा घडतं की लहान चाचणीचा निकाल वाचताना ते आधीच गृहीत धरायला हवं.

असं का होतं? पहिलं कारण उंदराच्या कातडीखाली आहे. उंदराच्या आणि घुशीच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो, आणि जखम झाली की तो आकसून कडा जवळ ओढतो. त्यांची जखम मुख्यतः आवळून मिटते. माणसाची जखम भरते ती तळातून नवं मांस चढत आणि वरून नवं कातडं सरकत. म्हणजे फोटोत जे ‘लवकर मिटणं’ दिसतं, त्याचा मोठा भाग आपल्या शरीरात जवळजवळ नसलेल्या क्रियेचा असतो. यावर उपाय म्हणून उंदराच्या जखमेभोवती कडी शिवून आवळणं रोखण्याची पद्धत २००४ पासून रुळली. सगळेच ती वापरत नाहीत. दुसरं कारण प्राण्यांच्या निवडीत आहे. प्रयोगातले उंदीर तरुण, एकाच वंशाचे, निरोगी आणि भरपेट असतात. त्यांची जखम निर्जंतुक हत्याराने केलेली असते. याउलट ज्या माणसांना या औषधांची गरज असते, ती साठीच्या आसपासची, साखर वाढलेली, पायाची संवेदना गेलेली आणि तोच पाय रोज जमिनीवर टेकवणारी असतात. २००१ मध्ये मायामीतल्या संशोधकांनी जखमेवरचे अनेक उपचार घेऊन प्रयोगशाळेतले निकाल आणि माणसावरचे निकाल किती जुळतात हे पडताळलं. डुकरांवरचे निकाल माणसाशी ७८ टक्के वेळा जुळले, लहान प्राण्यांवरचे ५३ टक्के आणि बशीतल्या पेशींवरचे ५७ टक्के. ५३ टक्के हा आकडा नाणं उडवण्याच्या जवळपास जातो. त्या आकड्यावर विसंबून दंडात सुई टोचणारा माणूस आपल्या हाती पुरावा आहे असं समजतो.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं आहे. महिनोन्महिने न भरणाऱ्या व्रणातला द्राव तपासला, तर त्यात प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचं प्रमाण ताज्या जखमेच्या मानाने फार वाढलेलं आढळतं. पांढऱ्या पेशी येतात, पण परत जात नाहीत. दाह संपतच नाही. जंतू चिकट थर करून तळाशी बसतात. या एन्झाइमांनी शरीराचे स्वतःचे वाढीचे घटकही तोडले जातात आणि त्यांना ओळखणारे पेशींवरचे ग्राहीही. ताज्या जखमेचा द्राव बशीतल्या तंतुपेशींना वाढवतो, जुन्या व्रणाचा द्राव त्यांना रोखतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. पाट जागोजागी फुटलेला असताना विहिरीवर मोठी मोटार बसवली, म्हणून शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. इथे पेप्टाइड वाढवणं हे मोटार वाढवणं आहे. फुटका पाट बुजवला तर काय होतं, याचंही उत्तर उपलब्ध आहे. २०१८ मध्ये युरोपातल्या पाच देशांत मधुमेही पायाच्या २४० रुग्णांवर एका ड्रेसिंगची चाचणी झाली. त्यात सुक्रोज ऑक्टासल्फेट होतं. हा पदार्थ कुठलाही वाढीचा निरोप देत नाही. जखमेतल्या त्या तोडणाऱ्या एन्झाइमांना आवरतो. कोणाला कुठली पट्टी मिळाली हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. २० आठवड्यांत त्या ड्रेसिंगखालचे ४८ टक्के व्रण भरले, तशाच दिसणाऱ्या साध्या ड्रेसिंगखालचे ३० टक्के. निरोप वाढवण्यापेक्षा परिस्थिती सुधारणं फळतं, या म्हणण्याला याहून थेट आधार क्वचितच मिळेल.

म्हणून पेप्टाइडं निरुपयोगी ठरवावीत का? तसं म्हटलं तर पुराव्याशी प्रतारणा होईल. बिंबिकांमधून येणाऱ्या पीडीजीएफचं यीस्टमध्ये बनवलेलं रूप, बेकाप्लर्मिन, १९९७ मध्ये अमेरिकेत मधुमेही पायाच्या व्रणासाठी मान्य झालं. ३८२ रुग्णांच्या चाचणीत त्याच्या जेलखालचे ५० टक्के व्रण पूर्ण भरले, नुसत्या जेलखालचे ३५ टक्के. हा फरक खरा आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकने ईजीएफचं जेल भारतीय बाजारात आणलं. क्यूबाने आणखी पुढचा विचार केला: वर लावलेला घटक व्रणाच्या द्रावात तुटतो, तर तो कडेला आणि तळाशी टोचून का देऊ नये? हवानाच्या जनुक अभियांत्रिकी केंद्रात तयार झालेलं ते इंजेक्शन २००६ पासून तिथे वापरात आहे. अशा ११ प्रकारच्या वाढीच्या घटकांवरच्या २८ चाचण्या आणि २३६५ रुग्ण एकत्र करून कॉक्रेन या पुरावा-परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. पूर्ण भरणाऱ्या जखमांचं प्रमाण वाढताना दिसतं, पण चाचण्यांची रचना इतकी सदोष आहे की त्यावर भिस्त ठेवता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत वाढीचे घटक न वापरण्याचीच शिफारस केली. त्याच सूचनांत सुक्रोज ऑक्टासल्फेटच्या ड्रेसिंगचा विचार करायला मात्र सांगितलं आहे. अर्थात पेप्टाइडांचा गुण शून्य नसून माफक आहे, आणि तो कशाच्या सोबतीने येतो हे पाहावं लागतं. पीडीजीएफच्याच आधीच्या एका चाचणीत असं दिसलं होतं, की ज्या केंद्रांत शल्यचिकित्सक व्रणाचा मृत भाग वरचेवर आणि नीट काढत होते, तिथे जखमा जास्त भरल्या. औषध मिळालेल्यांच्याही आणि न मिळालेल्यांच्याही.

या साध्या कामांची ताकद जगाला शिकवण्यात भारताचा वाटा मोठा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायाच्या जखमांचा अभ्यास केला. कुष्ठरोग्याचं मांसच सडकं असतं, ते भरून येत नाही, असा तेव्हा वैद्यकातही समज होता. ब्रँड यांनी दाखवलं, की मांस व्यवस्थित भरतं. वेदना जाणवत नसल्यामुळे रुग्ण त्याच जखमेवर चालत राहतो, म्हणून ती उघडी राहते. पाय प्लास्टरमध्ये बांधला, भार पसरवला, की वर्षानुवर्षांच्या जखमा बुजत. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेतल्या कारव्हिल इथे गेले आणि हीच पद्धत मधुमेही पायासाठी तिथे रुजली. मऊ रबराच्या एमसीआर चपलाही वेल्लोरच्याच कामातून आपल्या कुष्ठसेवेत आल्या. २००१ मध्ये अमेरिकेत या प्लास्टरची ६३ रुग्णांवर तुलना झाली. संसर्ग नसलेल्या, संवेदना गेलेल्या पायांवरचे व्रण १२ आठवड्यांत प्लास्टरखाली ८९.५ टक्के भरले, काढता-घालता येणाऱ्या बुटाखाली ६५ टक्के, अर्ध्या तळाच्या बुटाखाली ५८ टक्के. प्लास्टर रुग्णाला काढता येत नाही, बूट काढता येतो, एवढ्या एका फरकाने जवळजवळ २५ टक्क्यांचं अंतर पडलं. बेकाप्लर्मिनने साधलेलं अंतर १५ टक्क्यांचं होतं. दोन चाचण्यांतले रुग्ण वेगळे होते, त्यामुळे आकडे समोरासमोर ठेवून गुणाकार-भागाकार करू नये. तरी पैसा आधी कशावर खर्चावा, एवढं त्यातून कळतं. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये दिला. त्यातल्या ज्यांचा पाय धोक्यात येतो, त्यांतल्या किती जणांना असं प्लास्टर बांधून मिळतं, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेला विचारायला हवं.

आता बाजारात गाजणाऱ्या कुप्यांकडे वळू. बीपीसी-१५७ ची कहाणी क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठातली. प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जठररसाशी नातं सांगणाऱ्या या पेप्टाइडाचे प्रयोग घुशींवर केले आणि जठराच्या व्रणापासून तुटलेल्या स्नायुबंधापर्यंत जवळजवळ सगळीकडे गुण आल्याचं नोंदवलं. तैवान आणि चीनमधल्या काही गटांनीही पेशींवर आणि प्राण्यांवर सहायक निरीक्षणं दिली. पण या विषयातल्या शोधनिबंधांचा मोठा भाग आजही एकाच गटाकडून येतो. हाडं-सांध्यांवरच्या उपयोगाचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा पाहिला तर निवडलेल्या ३६ अभ्यासांपैकी ३५ माणसाआधीच्या पायरीवरचे होते. उरलेल्या एका अभ्यासात गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या १२ पैकी ७ जणांनी सहा महिन्यांहून जास्त आराम वाटल्याचं सांगितलं, आणि त्यात तुलनेचा गटच नव्हता. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका चाचणीची २०१५ मध्ये नोंद झाली. तिचे निकाल प्रसिद्ध झाले नाहीत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०२२ पासून बीपीसी-१५७ ला मान्यता नसलेल्या पदार्थांच्या वर्गात घालून खेळाडूंना मनाई केली. २०२३ मध्ये एफडीएने ते औषधदुकानांत मिश्रण करून देण्याबाबत सुरक्षिततेची चिंता असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. थायमोसिन बीटा-४ ची गोष्टही वेगळी नाही. १९९९ मध्ये घुशींच्या जखमांवर सातव्या दिवशी नवं कातडं ६१ टक्क्यांपर्यंत अधिक आल्याचं दिसलं होतं. माणसाच्या व्रणांवरच्या छोट्या चाचण्यांत तसा निर्णायक फरक हाती आला नाही. टीबी-५०० या नावाने विकलं जातं ते याच घराण्यातलं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मधुमेही व्रण ही बिघडलेली जमीन, हे कबूल. पण तिशीतल्या निरोगी खेळाडूचा दुखावलेला स्नायुबंध म्हणजे तर प्रयोगशाळेतल्या तरुण घुशीसारखीच स्थिती झाली. मग व्रणावर फसलेलं औषध तिथेही फसेल असं कशावरून? तर्क म्हणून हे बरोबर आहे, आणि तिथे ते फसेलच असा माझा दावाही नाही. पण निरोगी माणसाचा ताणलेला स्नायुबंध सहसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपसूक सुधारतो. दुखणं कळस गाठतं तेव्हा माणूस उपाय शोधतो, आणि कळसानंतर उतार असतोच. अशा दुखण्यात शंभर जणांनी ‘मला गुण आला’ म्हटलं तरी पेप्टाइडाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जिथे आपोआप बरं होण्याची शक्यता मोठी, तिथे तुलनेचा गट अधिकच लागतो. शिवाय तुलना न करता घाई केली की काय होतं, हे ऑस्ट्रेलियाने पाहिलं. एसेन्डन या फुटबॉल क्लबमध्ये २०१२ च्या हंगामात खेळाडूंना इंजेक्शनं देण्याचा कार्यक्रम चालला. जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने थायमोसिन बीटा-४ वापरल्याबद्दल ३४ आजी-माजी खेळाडूंवर दोन वर्षांची बंदी घातली. कोणाला नेमकं काय टोचलं याच्या धड नोंदीही क्लबकडे नव्हत्या. त्या प्रयोगातून ना कोणाची कारकीर्द सुधारली, ना विज्ञानाच्या पदरात एक आकडा पडला.

दुसरा आक्षेप असा, की हे पदार्थ शरीरात असतातच, मग अपाय कसला? इन्सुलिनही शरीरात असतं आणि चुकीच्या मात्रेत जीव घेतं. बेकाप्लर्मिनच्या तीन किंवा अधिक ट्यूब वापरलेल्यांत कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसल्यावरून २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापला गेला. पुढच्या अभ्यासांनी ती भीती पुष्ट केली नाही आणि २०१८ मध्ये तो इशारा काढला गेला. ही दहा वर्षांची उजळणी शक्य झाली, कारण ते मान्य औषध होतं. कोणी किती वापरलं याची नोंद होती. कुपीतून टोचून घेणाऱ्यांची अशी नोंद कुठेच होत नाही. नव्या केशवाहिन्या फोडणं हा ज्या पेप्टाइडाचा गुण म्हणून सांगितला जातो, त्याच्याबाबत लपलेल्या गाठीचं काय होईल हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण गाठही रक्तपुरवठ्यावर वाढते. त्यात कुपीतल्या अशुद्धीची भर पडते. साखळी जोडताना एखादं अमिनो आम्ल गाळलं गेलं, किंवा जंतूंचं विष मागे राहिलं, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळू शकते. एफडीएने २०२३ मध्ये मांडलेली चिंता याच स्वरूपाची होती.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे. स्वस्त पेप्टाइडात कंपन्यांना नफा नाही, म्हणून चाचण्या होत नाहीत, असं वारंवार सांगितलं जातं. औषध उद्योगाबद्दल संशय असणं रास्तच आहे. पण पेक्सिगॅननवर दोनदा पैसा लागला, एलएल-३७ वर लागला, आणि बीपीसी-१५७ सुद्धा क्रोएशियाच्या प्लिव्हा कंपनीने आतड्याच्या दाहासाठी हाती घेतलं होतं. ते औषध म्हणून बाजारात आलं नाही. नफ्याचाच विचार केला, तर कुप्या विकणाऱ्यांचा धंदा चाचणीशिवाय जोरात चालतो आहे. मग ते चाचणी का करतील? पायाचं बोट जाण्याच्या भीतीत असलेल्या रुग्णाने वाट का पाहावी, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो हृदयाला भिडतो. त्याचं उत्तर असं, की त्याच्यासाठी प्लास्टर, व्रणाची साफसफाई, संसर्गावरचा उपचार, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि साखरेवर ताबा हे सिद्ध झालेले उपाय आज उपलब्ध आहेत. ते सोडून कुपीमागे धावलं तर जाणारा वेळ हाच मोठा अपाय ठरतो.

राहिला प्रयोगशाळेचा प्रश्न. उंदीर फसवतो म्हणून उंदरावरचं काम थांबवा, हे म्हणणं अविचाराचं होईल. इन्सुलिन कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आलं, ईजीएफ उंदराच्या लाळेतून आणि मॅगेनिन बेडकाच्या कातडीतून. प्रयोगशाळा शक्यता दाखवते, ते तिचं काम आहे, आणि त्यात तिने कसूर केलेली नाही. तिच्याकडून मागायचं ते वेगळंच: आवळणं रोखलेल्या जखमा, म्हातारे आणि मधुमेही प्राणी, शक्य तिथे डुक्कर, वेगळ्या गटाने केलेली फेरतपासणी, आणि फसलेल्या प्रयोगाचीही छापील नोंद. माणसावरची चाचणी नोंदवली, की तिचा निकाल कसाही असो, तो प्रसिद्ध करणं बंधनकारक असायला हवं. न छापलेला निकाल पुढच्या रुग्णाच्या अंगावर फेडला जातो.

वाचकाने एवढं करावं. कोणतंही पेप्टाइड कोणी सुचवलं, तर तीन गोष्टी विचाराव्यात: हे माणसांवर तपासलं का, तुलनेच्या गटासह तपासलं का, आणि ज्यांचा हा शोध त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला तोच गुण दिसला का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नकारार्थी आलं, तर सुई बाजूला ठेवावी. घरात मधुमेही माणूस असेल, तर त्याचे तळवे रोज पाहावेत, अनवाणी चालू देऊ नये, आणि तळव्यावर छोटीशी जखम दिसली तरी त्याच आठवड्यात पायाच्या तज्ज्ञाकडे न्यावं. आज हाती असलेला पुरावा पाहता पाय वाचवण्याचं श्रेय अजून कुठल्याही कुपीला देता येत नाही. ते भार काढणाऱ्या प्लास्टरला, साफ केलेल्या जखमेला आणि वेळेवर डॉक्टरकडे नेणाऱ्या माणसाला द्यावं लागतं.